लहान प्रवाळमासा ओळखण्याचा क्रम: पर आधी, रंग शेवटी

प्रवाळात दिसणाऱ्या छोट्या माशांची नावं बहुतेक वेळा एकाच कारणाने चुकतात: रंग आधी पाहिला जातो. फोटो समोर ठेवायचा, चित्रं चाळायची, रंग जुळला की नाव लिहून टाकायचं, ही सवय फार पसरली आहे. रंग ही या माशांची सर्वांत बेभरवशाची खूण आहे. तो वयाप्रमाणे, लिंगाप्रमाणे आणि दिवस-रात्रीप्रमाणे बदलतो. खोल पाण्यात तो वेगळाच दिसतो. काही जाती तर दुसऱ्या माशाचा रंग हुबेहूब घेऊन फिरतात. परांची रचना, काट्यांची संख्या आणि तोंडाची ठेवण यांचं तसं नाही. त्यामुळे पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

शब्दांबद्दल थोडंसं. कुल म्हणजे मोठा गट, उदाहरणार्थ गोबींचं कुल. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, आणि दोन्ही शब्द मिळून जात. 'लहान' म्हणजे इथे वीतभर किंवा त्याहून छोटे मासे.

टप्पा १: पाण्यात उतरण्याआधी

ज्या समुद्रात उतरणार आहात तिथल्या माशांची यादी आधीच काढून ठेवा. 'फिशबेस' या संकेतस्थळावर देशानुसार आणि कुलानुसार यादी मिळते. सगळी यादी पाठ करायची गरज नाही. डॅम्सेल, गोबी, ब्लेनी, कार्डिनलफिश आणि रास या पाच कुलांची यादी जवळ असली तरी छोट्या माशांतला मोठा भाग तिच्यात येतो.

कॅमेऱ्याचं घड्याळ डाइव्ह कॉम्प्युटरच्या (पाण्याखालची खोली आणि वेळ नोंदणाऱ्या यंत्राच्या) घड्याळाशी जुळवून घ्या. हे काम मिनिटभराचं आहे, तरी बहुतेक जण ते करत नाहीत. वेळा जुळल्या की प्रत्येक फोटो किती खोलीवर काढला ते नंतर सहज कळतं, आणि दोन सारख्या जातींतली निवड कित्येकदा खोलीवर ठरते.

पाण्याखाली लिहिता येणारी प्लास्टिकची पाटी आणि पेन्सिल सोबत असू द्या. पाटीवर आधीच माशाच्या तीन-चार कोऱ्या बाह्यरेषा काढून ठेवा. मासा दिसला की पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ठिपका परावर आहे की अंगावर, एवढं त्या रेषेत भरायचं. 'पिवळा, सुंदर, काळा ठिपका' अशा नोंदीचा घरी आल्यावर काही उपयोग होत नाही.

टप्पा २: पाण्यात काय टिपायचं

एका देखण्या फोटोपेक्षा पाच साधे फोटो जास्त कामाचे असतात. हवेत ते असे:

१. बरोबर बाजूने काढलेला, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पूर्ण मासा.
२. पाठीवरचा पर उभा असतानाचा.
३. शेपटी पसरलेली असतानाची.
४. डोक्याचा जवळून: तोंड, डोळा, गाल, कल्ल्यावरचं झाकण.
५. मासा जिथे होता ती जागा, थोडी लांबून.

पर उभा असलेला क्षण सर्वांत अवघड. मासा दुसऱ्याला हुसकावतो, वळतो किंवा थांबतो तेव्हा पर उघडतो. त्यामुळे पाठलाग न करता एका जागी स्थिर राहा. बरेचसे डॅम्सेल आणि गोबी आपली हद्द सोडून लांब जात नाहीत, थोड्या वेळाने ते पुन्हा त्याच जागी येतात. हात स्थिर नसेल तर अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातून पर उघडलेली चौकट शोधा.

आकाराचा अंदाज बांधताना मुखवट्याचा परिणाम वजा करा. पाण्याखाली मुखवट्यातून वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठी दिसते, म्हणजे सहा सेंटिमीटरचा मासा आठ सेंटिमीटरचा वाटतो. शेजारच्या प्रवाळाच्या फांदीची जाडी किंवा एखादा शिंपला फोटोत आला तर तुलनेला आधार मिळतो.

रंगासाठी फ्लॅश किंवा दिवा वापरा. काही मीटर खोलीतच लाल रंग करडा-काळपट होतो. फ्लॅशशिवाय काढलेल्या फोटोत मासा 'तपकिरी' दिसला, तर तो प्रत्यक्षात लालबुंद असू शकतो.

वागणूकही लिहा. मासा तळावर बसतो की तरंगतो? छातीकडचे पर हलवत पोहतो की शेपटीने? कोणाच्या सोबत राहतो? बिळाच्या तोंडाशी बसलेला गोबी आणि त्याच बिळातून वाळू बाहेर ढकलणारी कोळंबी अशी जोडी दिसली, तर शोध कोळंबीसोबत राहणाऱ्या गोबींच्या मोजक्या प्रजातींपुरता उरतो. चाबकासारख्या प्रवाळावर, स्पंजवर किंवा अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्यांतच राहणारे गोबीही आहेत. मासा कशावर बसला होता ही नोंद अर्धी ओळख असते.

*इशारा:* छोट्या माशाच्या फोटोसाठी तळावर हात टेकू नका. स्टोनफिश आणि स्कॉर्पियनफिश तळाच्या रंगात मिसळून पडलेले असतात, त्यांचे काटे विषारी असतात. शिवाय जिवंत प्रवाळ हाताच्या स्पर्शाने दुखावतं. मासा पकडणं, बिळातून हुसकणं, दगड उलथवणं यातलं काहीही करू नका.

टप्पा ३: कुल ठरवा

इथे घाई केली की पुढचे सगळे टप्पे वाया जातात. फोटो मोठा करा, रंग विसरा आणि पाठीवर किती पर आहेत ते पाहा.

तीन सुटे पर असतील तर तो ट्रिपलफिन. पुढे त्या कुलात शोधा.

दोन पर असतील तर मुख्य उमेदवार गोबी आणि कार्डिनलफिश. गोबी बहुधा तळावर टेकलेला असतो, पोटाखालचे दोन पर एकमेकांना जोडले जाऊन वाटीसारखे झालेले असतात आणि अंगावर संवेदनरेषा (कल्ल्यापासून शेपटीकडे जाणारी बारीक रेघ) नसते. अगदी बुटक्या गोबींच्या काही प्रजातींत मात्र हे दोन पर जवळजवळ सुटे असतात, तेव्हा फक्त वाटी दिसली नाही म्हणून गोबी बाद करू नका. कार्डिनलफिशचे डोळे आणि तोंड मोठं असतं. दिवसा तो कपारीत किंवा फांद्यांच्या आडोशाला तरंगत असतो. पाठीवर दोन पर आणि तोंडात अंड्यांचा घोस असा मासा दिसला, तर तो पिल्लं सांभाळणारा कार्डिनलफिशचा नर. दोन परांचे डार्टफिशही असतात, पण ते बिळाच्या वर पाण्यात तरंगतात आणि त्यांचे पोटाखालचे पर सुटे असतात.

एकच लांब पर असेल तर यादी वाढते, आणि खरी मेहनत इथेच आहे:

* अंगावर खवले नाहीत, पोटाखालचे पर दोन बारीक काड्यांसारखे आणि छातीकडच्या परांच्याही पुढे, डोक्यावर कधी कधी मिशांसारखे धागे: ब्लेनी.
* पाठीच्या काट्यांच्या टोकांवर बारीक झुबके, छातीकडच्या परांच्या खालच्या जाड काड्यांवर रेलून बसलेला: हॉकफिश.
* लांबट अंग, जाड ओठ, छातीकडचे पर फडफडवत पोहणं, शेपटी फक्त पळताना वापरणं: रास.
* उंच, चपटं अंग, लहान तोंड, संवेदनरेषा पाठीच्या पराखालीच संपलेली, गुदपराच्या (पोटामागच्या खालच्या पराच्या) सुरुवातीला दोन काटे, आणि बहुतेकांना प्रत्येक बाजूला एकच नाकपुडी: डॅम्सेल. क्लाउनफिशही याच कुलातले.
* त्याहून चपटा, तबकडीसारखा मासा असेल तर गालाचा खालचा कोपरा पाहा. तिथे मागे वळलेला ठळक काटा असेल तर एंजलफिश, नसेल तर बटरफ्लायफिश. रंग कितीही सारखे असले तरी हा एक काटा निकाल देतो.

*तपासणी:* पर मिटलेला असताना संख्या लिहू नका. मिटलेले दोन पर एकच असल्यासारखे दिसतात, आणि मधे खाच असलेला एकच पर दोन वाटतो. दोन वेगळ्या फोटोंत एकच उत्तर आलं तरच पुढे जा. आलं नाही तर 'दोनपैकी एक कुल' असं लिहा आणि दोन्ही यादीत ठेवा.

टप्पा ४: वय आणि लिंग यांचा विचार

कुल ठरल्यावर चित्रांकडे वळायचा मोह होतो. त्याआधी विचारा: हे पिल्लू आहे का? नर की मादी?

डॅम्सेलमध्ये हा प्रश्न टाळताच येत नाही. निओग्लिफिडोडॉन मेलास या जातीचं पिल्लू पांढरट अंगाचं आणि पिवळ्या पाठीचं असतं, प्रौढ मासा पूर्ण काळा. फक्त प्रौढांची चित्रं पाहणाऱ्याला हे पिल्लू कधीच सापडणार नाही. कित्येक डॅम्सेल पिल्लांच्या पाठीच्या परावर डोळ्यासारखा ठिपका असतो, वाढत्या वयात तो फिका पडतो किंवा नाहीसा होतो. म्हणून 'ठिपका नाही' या एका कारणावरून जात बाद करू नका.

रास आणि अँथियस (थव्याने राहणारे छोटे रंगीत मासे) यांच्यात लिंगबदल होतो आणि रंगही त्यासोबत बदलतो. स्युडँथियस स्क्वॅमिपिनिसच्या माद्या नारिंगी, नर जांभळट-गुलाबी. नराच्या पाठीच्या पराचा तिसरा काटा लांब धाग्यासारखा वाढलेला असतो. अटलांटिकमधल्या थॅलासोमा बायफॅसिएटमचा पहिला अवतार पिवळा आणि मोठे नर निळ्या डोक्याचे. दोन जाती वाटाव्यात इतका फरक आहे. एकाच थव्यात नारिंगी पुष्कळ आणि वेगळ्या रंगाचे थोडे दिसले, तर ती एकच जात असण्याची शक्यता आधी तपासा.

रात्रीच्या डाइव्हमध्ये काढलेल्या फोटोंना वेगळं ठेवा. झोपेत पुष्कळ माशांचा रंग डागाळतो किंवा फिका पडतो, आणि चित्रं बहुतेक दिवसाची असतात.

टप्पा ५: ठिकाणाची चाळणी

आता उमेदवार जातींची यादी करा आणि प्रत्येक जात त्या समुद्रात राहते का ते पाहा. डॅम्सेल कुलातले सार्जंट मासे हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. पाच काळे उभे पट्टे, वरून पिवळसर छटा, हे वर्णन निदान चार जातींना लागू पडतं: अटलांटिकमध्ये अबुडेफडफ सॅक्सॅटिलिस, पॅसिफिकच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावर अबुडेफडफ ट्रॉशेलाय, हवाईत अबुडेफडफ अ‍ॅब्डोमिनॅलिस, आणि हिंदी महासागरापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत अबुडेफडफ वायगिएन्सिस. हिंदी महासागरात काढलेल्या फोटोखाली 'सॅक्सॅटिलिस' लिहिलेलं वारंवार दिसतं. नकाशा एकदा पाहिला तर ही चूक होत नाही.

नकाशाने मात्र निकाल द्यायचा नाही, फक्त शक्यता कमी-जास्त करायची. वायगिएन्सिस आता हवाईतही पोहोचला आहे आणि तिथल्या स्थानिक जातीशी त्याचा संकरही होतो.

नावांच्या फेररचनेवरही लक्ष ठेवा. पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे असलेल्या डॅसिलस अरुआनसच्या हिंदी महासागरातल्या माशांना २०१४ मध्ये डॅसिलस अबुदाफुर हे वेगळं नाव पुन्हा देण्यात आलं. जुन्या पुस्तकात दोन्ही एकाच नावाखाली सापडतील.

*इशारा:* मत्स्यपेटीतल्या माशाला हा टप्पा लागू होत नाही. तो कुठून आला ते माहीत नसतं, आणि पैदाशीतले क्लाउनफिश तर तुटक पट्ट्यांचे, संकरित, निसर्गात न दिसणाऱ्या नक्षीचेही असतात. तिथे मोजणीवरच भर द्या.

टप्पा ६: काटे मोजणं

इथे फोटो पूर्ण मोठा करून शांतपणे बसायचं.

पराच्या पुढच्या भागात कडक, टोकदार, फाटे नसलेले काटे असतात, मागच्या भागात टोकाला फाटे फुटलेल्या मऊ काड्या. शास्त्रीय वर्णनात काटे रोमन अंकांत आणि मऊ काड्या साध्या अंकांत लिहिलेल्या असतात, तो फरक लक्षात ठेवून वाचा. गोबींच्या पहिल्या परातले काटे लवचीक असतात, ते वाकलेले दिसले म्हणून मऊ काड्यांत धरू नका.

मोजताना हमखास दोन चुका होतात. पहिला काटा पुष्कळदा अगदी आखूड आणि दुसऱ्याला चिकटलेला असतो, तो सुटतो. शेवटची मऊ काडी बुडापासून दुभंगलेली असते, ती दोन धरली जाते. ती एकच धरायची. वेगवेगळ्या फोटोंवर तीनदा मोजा आणि आधीचा आकडा झाकून ठेवा.

मोजणी कुठे उपयोगी पडते ते नारिंगी क्लाउनफिशवर पाहू. अँफिप्रिऑन ऑसेलॅरिस आणि अँफिप्रिऑन परक्युला, दोन्हींच्या अंगावर तीन पांढरे पट्टे, मधला पुढे फुगलेला. लोक पट्ट्यांच्या काळ्या कडेवरून ठरवतात: जाड म्हणजे परक्युला, बारीक म्हणजे ऑसेलॅरिस. पण परक्युलातही बारीक कडेचे मासे सापडतात. काटे मोजा. ऑसेलॅरिसला पाठीवर बहुधा ११ काटे (क्वचित १०), परक्युलाला बहुधा १० (क्वचित ९). ऑसेलॅरिसचा काट्यांचा भाग उंचही असतो. मग ठिकाण जोडा: ऑसेलॅरिस अंदमान समुद्रापासून आग्नेय आशिया, फिलिपिन्स, वायव्य ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या ऱ्युक्यू बेटांपर्यंत, तर परक्युला पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआतू आणि ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात. १० काटे मोजले आणि मासा अंदमानचा असेल, तर आधी पहिला आखूड काटा सुटला का ते पाहा.

*तपासणी:* फोटोवरून आकडा निश्चित होत नसेल तर '१० किंवा ११' असंच लिहा. यादीला जुळवण्यासाठी एक आकडा निवडू नका.

टप्पा ७: मिळत्याजुळत्या जाती एकेक करून बाद करा

उमेदवार एकच उरला तरी काम संपत नाही. 'हा आहे' याच्या आधी 'हे नाहीत' हे लिहून काढा. निदान दोन जवळच्या जाती आणि प्रत्येकीला बाद करण्याचं एक ठोस कारण. उदाहरणार्थ, उमेदवार डॅसिलस अरुआनस असेल तर: डॅसिलस मेलॅन्युरस बाद, कारण शेपटी पांढरी, मागचा भाग काळा नाही. उमेदवार अबुडेफडफ वायगिएन्सिस असेल तर: अबुडेफडफ सेक्सफॅसिएटस बाद, कारण शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर काळी पट्टी नाही. कारण 'रंग तसा वाटत नाही' एवढंच सुचत असेल तर टप्पा ३ वर परत जा.

नक्कल करणाऱ्या माशांसाठी हा टप्पा अनिवार्य आहे. तीन जोड्या तरी तोंडपाठ हव्यात.

क्लीनर रास, म्हणजे लॅब्रॉइडिस डिमिडिएटस, मोठ्या माशांवरचे परजीवी खातो. त्याच्यासारखाच निळा-काळा पट्टा घेऊन अ‍ॅस्पिडॉन्टस टिनिएटस ही ब्लेनी वावरते आणि संधी मिळाली की माशांच्या परांचे लचके तोडते. फरक तोंडात आहे: रासचं तोंड मुस्कटाच्या टोकाला असतं, ब्लेनीचं खालच्या बाजूला, पुढे आलेल्या नाकाखाली.

कँथिगॅस्टर व्हॅलेन्टिनी हा विषारी छोटा पफर आणि त्याची नक्कल करणारा पॅरॅल्युटेरिस प्रायोन्युरस हा फाइलफिश, दोघांच्याही पाठीवर तेच काळे खोगीर. नकलाकाराचा पाठीवरचा आणि खालचा पर लांब पट्टीसारखा पसरलेला असतो आणि डोळ्यांच्या वर एक काटा असतो. पफरचे हे दोन्ही पर आखूड, मागे सरकलेले, आणि तो काटा नसतो.

तिसरी खरं तर तिकडी आहे. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची मेयाकँथस ग्रॅमिस्टिस ही विषारी दातांची ब्लेनी, पेट्रोस्किर्टिस ब्रेव्हिसेप्स ही दुसरी ब्लेनी, आणि कायलोडिप्टेरस नायग्रोटिनिएटस हा कार्डिनलफिश. कार्डिनलफिश लगेच वेगळा काढता येतो, कारण त्याच्या पाठीवर दोन पर आहेत. उरलेल्या दोघींसाठी डोक्याचा जवळचा फोटो लागतो, आणि टप्पा २ मध्ये तो घेतला नसेल तर जातीपर्यंत जाऊ नका.

टप्पा ८: नाव तपासणं आणि कुठे थांबायचं

फोटो पाहून नाव सुचवणारी ॲप्स शेवटी वापरा. ज्या जातींचे फोटो जास्त आहेत त्याच ती अधिक सुचवतात, त्यामुळे दुर्मीळ जात किंवा पिल्लू असेल तर दिशाभूल होते. त्यांचं उत्तर आणखी एक उमेदवार म्हणून टप्पा ५ पासून तपासा. इंटरनेटवर सापडलेला जुळणारा फोटो हाही पुरावा नाही, त्याखालचं नाव कोणी आणि कशावरून दिलं ते आधी पाहा.

नाव सध्या मान्य आहे का, हे कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'कॅटलॉग ऑफ फिशेस'मध्ये पाहा. जुन्या पुस्तकातला अपोगॉन ऑरियस आता ऑस्टोरिंकस ऑरियस आहे.

काही मासे फोटोवरून जातीपर्यंत जात नाहीत, हे मान्य करावंच लागतं. इव्हिओटा या बुटक्या गोबींच्या शंभराहून अधिक जाती आहेत. त्यातल्या पुष्कळ जाती डोक्यावरच्या सूक्ष्म संवेदनछिद्रांवरून आणि छातीकडच्या पराच्या काड्यांना फाटे आहेत की नाहीत यावरून वेगळ्या होतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. अशा वेळी 'इव्हिओटा, जात अनिश्चित' ही पूर्ण आणि योग्य नोंद आहे. एका जातीशी बरंच जुळतं पण खात्री नाही, असं असेल तर प्रजाती आणि जातीच्या मधे 'सीएफ.' (लॅटिन 'कॉन्फर', म्हणजे 'ताडून पाहा') लिहायची पद्धत आहे. अंदाजाने लिहिलेलं जातीचं नाव मात्र इतरांच्या यादीत शिरतं, नकाशावर ठिपका होतं, आणि ते नंतर काढणं फार कठीण जातं.

नोंदीत एवढं असू द्या: ठिकाण, तारीख, वेळ, खोली, अंदाजे लांबी, मासा कशावर किंवा कोणासोबत होता, कुल कशावरून ठरलं, मोजलेले आकडे, बाद केलेल्या जाती आणि त्यांची कारणं. लांबी शेपटीसकट की शेपटी सोडून तेही लिहा, कारण शास्त्रीय वर्णनात ती बहुधा शेपटी सोडून दिलेली असते. फोटोची मूळ फाइल रंग न सुधारता वेगळी जपून ठेवा आणि सुधारलेल्या प्रतीच्या नावात तसं नमूद करा.